अर्धा कप चहा

वस्तूला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. घरात जे जसं पडलेलं असेल, ते तसंच कॅमेऱ्यात टिपायचं.

"लोक नवरा-नवरीचे फोटो काढून बंगले बांधतात, आणि आमची लेक केरसुणीचे काढते," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. वर्षभर एकही फोटो कुणी विकत घेईना, तेव्हा तिने हात टेकले आणि कॅमेरा विकायला काढला. नेमकं दुसऱ्याच दिवशी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर तिला बाबांचा विसरलेला कप दिसला. त्यात अर्धा चहा, शेजारी उघडा चष्मा, आणि कोवळ्या उन्हात दोन्हींच्या लांबच लांब सावल्या. त्या एका फोटोने तिचं नाव झालं.

आज तिच्या मोठ्या प्रदर्शनात तोच फोटो दारासमोर लावला होता. उद्घाटनाला आलेले समीक्षक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचं मोठेपण यात आहे. इथे एकही वस्तू मुद्दाम मांडलेली नाही!"

टाळ्या पडल्या. तिने शेजारी बसलेल्या बाबांना कोपराने ढोसलं.

"आता तरी पटलं ना, बाबा?"

"पटलं की. पण मला एक सांग, मी जन्मात कधी अर्धा चहा सोडलाय का?"

तिने वळून फोटोतल्या कपाकडे पाहिलं.

 

"ऊन सरकेल तसा तो कप सरकवत बसलो होतो गं, तू उठेपर्यंत."