मागचं डावं चाक

टायरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवून हळूहळू गोल फिरवलं. एकही बुडबुडा वर आला नाही. झडपेवर थुंकी लावून पाहिली, तीही फुगली नाही.

“काका, चाक ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “मागच्या खेपेलाही होतं.”

स्टुलावर बसलेल्या कंपाउंडरकाकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

“रस्ते खराब आहेत रे,” ते म्हणाले.

“खिळ्याने हवा गेली तर कधी कमी जाते, कधी जास्त. तुमची दर वेळी तेवढीच जाते. पिवळा दिवा लागेल एवढी, पण चाकाला इजा होणार नाही एवढी. खिळ्याला एवढं मोजमाप कळतं होय?”

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळं आयुष्य दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधण्यात गेलेलं. हात मापातच चालायचा, त्याला ते तरी काय करणार?

गाडी विजेवरची, समुद्रापलीकडे नोकरीला असलेल्या लेकीने घेऊन दिलेली. गाडीला काही दुखलंखुपलं की बातमी थेट लेकीच्या फोनवर जायची. पण गाडीला दुखणार काय? इंजिन नाही, ऑइल नाही, धूर नाही. कुरकुर करायला बिचारीकडे चाकंच काय ती उरलेली. थंडीत एकदा मागच्या डाव्या चाकातली हवा आपोआप उतरली आणि लेकीचा फोन आला. चाकाचं बोलून झालं तरी तिने फोन ठेवला नाही. घरमालकिणीच्या मांजराच्या खोड्या सांगत बसली, खळखळून हसलीसुद्धा. काकू होत्या तोवर हे सगळं त्यांच्या वाट्याचं असायचं, काकांपर्यंत यायचं ते शेवटचं “बाबा, बरे आहात ना?” काकू गेल्यावर तेही विरळ झालं. आपणहून फोन करावा तर “काय झालं, बाबा?” असं ती धास्तावून विचारायची, आणि काही झालेलं नसायचं. बोलायला विषय म्हणून काकांकडे ते एक चाक होतं.

आज सकाळीही त्यांनी काडीने झडप दाबून मोजकी हवा सोडली, गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून आणली आणि वाट पाहत बसले. फोन आला. “आत्ताच्या आत्ता दाखवून घ्या. मी दुकानात परत फोन करते,” लेक म्हणाली. एका दिवसात दोनदा! काका इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आले होते.

फोन वाजला.

“बाबा, स्पीकरवर टाका. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

काकांनी फोन पुढे धरला आणि टायरवाल्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी अजिजी होती, की त्यानेच नजर वळवली.

“ताई, झडप कमजोर झालीय,” तो म्हणाला. “नवी मागवायला वेळ लागेल. तोवर हवा अधूनमधून उतरत राहणार. धोका काही नाही, नुसता इशारा येत राहील.”

काकांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या कितीतरी फोनांची सोय या भल्या माणसाने एका दमात करून टाकली होती.

पलीकडून लेकीने लगेच विचारलं,

“मग असंच होत राहणार असेल तर इशारा माझ्याकडे येऊन काय उपयोग? मी मीटिंगमध्ये असले, झोपलेली असले, म्हणजे बाबा तशीच गाडी चालवणार. बाबा, मी गाडी तुमच्याच फोनला जोडून देते. कधीचंच करायला हवं होतं. माझाच आळशीपणा.”

“अगं, मला कुठे जमतंय ते,” काका घाईघाईने म्हणाले. “राहू दे की तुझ्याकडेच.”

“जमवायचं काही नाहीच. तुमच्या फोनवर आत्ता ओटीपी आलाय, तेवढा वाचून दाखवा.”

काकांनी फोन नाकाशी धरला. पहिला आकडा सांगितला. खाकरले. दुसरा सांगितला. तिसरा मुद्दाम चुकवला.

“चुकला, बाबा. परत पाठवते. घाई नाही, सावकाश बघून सांगा हं.”

लहान मुलाला घास भरवताना काढावा तसा आवाज तिने काढला होता. तिची ती माया ऐकून काकांना भडभडून आलं. या आवाजाला दुसऱ्यांदा फसवणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी सगळे आकडे बरोबर सांगितले.

“झालं! आता माझ्यावाचून अडायला नको. ठेवते, मीटिंग सुरू होतेय. काळजी घ्या.”

“मांजर कसं आहे?” काकांनी विचारलं, तोवर फोन बंद झाला होता.

टायरवाला चाक बसवायला गाडीपाशी उकिडवा बसला.

“चुकलंच माझं, काका. मला वाटलं...”

“तू चांगलंच बोललास रे,” काका म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन टुणकन वाजला. काकांनी धडपडत चष्मा चढवला. पडद्यावर गाडीचं चित्र होतं आणि त्यातलं एक चाक पिवळं झालं होतं. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

“कोण, ताई का?” टायरवाल्याने मान वर न करता विचारलं.

“हो,” काका म्हणाले. “हवा भरून घ्या म्हणतेय.”