टाचणी

अंगाला चंदेरी रंग फासून आकाराम राजारामपुरीतल्या नव्या मोबाईलच्या दुकानापुढं यंत्रमाणूस बनून उभा होता. मालकानं आधीच दम दिलता, "माणूस हाईस कळलं, तर उद्यापासनं येऊ नको."

"लांब व्हा रं, पिक्चरमध्ये असलीच मशिनं माणसं मारत्यात," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली.

"मावशी, भ्यायचं काय त्यात? त्याला दुखत बी न्हाय," म्हणत एकानं आकारामच्या दंडात टाचणी खुपसली. आकारामनं पापणी लवू दिली न्हाय. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग टाचणी हातोहात फिरली.

दुकान बंद करताना मालक खूश होता. "उद्या खरं मशीन येतंय. तू फकस्त त्याच्या शेजारी थांब. कुणाला हात लावू देऊ नको, लई नाजूक हाय ते."