चासीवरचा जोड

आपल्या गॅरेजात डॉज गाडीच्या उघड्या चासीवरचा, खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा गंज खरवडताना आनंदाचा हात थांबला. पुढच्या पट्टीवर जुन्या वेल्डिंगचा जाड जोड होता. गाडी पार सुटी करायला घेतल्यापासून त्याला याचीच धास्ती होती.

पन्नास वर्षांपूर्वी त्याचे वडील, आण्णा, ही गाडी चालवायचे. दारू पिऊन झाडावर घातली म्हणून मालकांनी त्यांना काढून टाकलं. पुढं कोल्हापुरात कुणी त्यांच्या हाती गाडी दिली नाही. "त्या दिवशी मी गाडीत न्हवतोच," असं ते मरेपर्यंत सांगत राहिले.

दोन दिवस आनंदाचं कामात लक्ष लागेना. पाना उचलायचा, पुन्हा ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मालकांची मुलगी वसुधाताई काम बघायला आल्या, तेव्हा त्यानं जोडावर बोट ठेवून विचारलंच, "ताई, गाडी आण्णांनीच ठोकली हुती काय?"

वसुधाताई म्हणाल्या, "मी ठोकली. लग्नाची बोलणी चालली होती माझी, म्हणून बाबांनी तुझ्या वडिलांवर ढकललं. हे सांगायलाच गाडी तुझ्याकडं आणली, पण धीर होत नव्हता."

त्यांनी हात जोडले. आनंदाला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यानंही कधी आण्णांवर विश्वास ठेवला नव्हता. दवाखान्यात आण्णा शेवटचं तेच सांगू लागले, तेव्हा "आता तरी खोटं बोलू नका," म्हणून तो उठून गेला होता.

ग्रीसचे हात न पुसताच तो म्हणाला, "आई घरात हाय. ह्ये तिच्यापुढं सांगा. आत्ताच चला."