दगडावरची कीड

घरातल्या माशांच्या टँकमधल्या प्रवाळाच्या दगडावर उगवलेल्या तपकिरी, फुलांसारख्या किडीने त्याच्या नाकी नऊ आणले होते. एक मारली की शेजारी चार हजर. शेवटी सकाळी त्याने तो दगड प्रवाळासकट बाहेर काढला, खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला आणि "आई, याच्याकडे मी संध्याकाळी बघतो," असं सांगून ऑफिस गाठलं.

दुपारी त्याने शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"काहीही करा साहेब, पण दगड उकळू नका," दुकानदार म्हणाला. "त्या प्रवाळात जहर असतं. वाफेतून छातीत गेलं तर माणूस हातचा जायचा."

त्याला हसूच आलं. दगड कोण उकळतंय! मग त्याला आई आठवली. फडक्यांपासून कंगव्यांपर्यंत घरातलं सगळं उकळून काढणारी आई. त्याने घाईघाईने घरी फोन केला.

"झाला बरं का तुझ्या किडीचा बंदोबस्त!" आईला खोकला आवरत नव्हता, पण आवाजात खुशी होती. "मोठ्या पातेल्यात चांगला खळाखळा उकळला दगड."

"आई, आधी घराबाहेर पड! बाबा कुठे आहेत?"

"ओरडतोस काय असा? सर्दीने बेजार झालेत ना ते. म्हटलं, एवढं मिठाचं पाणी उकळलंय, वाया कशाला घालवायचं? पातेल्यासमोर बसवलंय त्यांना, डोक्यावरून चादर घेऊन."

 

"एरवी दोन मिनिटांत कटकट सुरू करतात," आई पुढे म्हणाली. "आज बघ, कसे शहाण्यासारखे गप्प बसलेत."