गप्प राहिलेला हात

"काका, मशीन वाजलं की तुमचा हात ठेका धरतो. फोटो हलला, तर काही कळणार नाही," एमआरआयवाल्या बाईंनी बजावलं. तमाशात हयात गेलेल्या गेनबा ढोलकीवाल्यांनी गेल्या खेपेला तेच केलं होतं.

कॅन्सरची गाठ उजव्या दंडात होती. पहिल्या केमोनंतरही वरून तेवढीच दिसत होती. औषध लागू पडत नसेल, तर हात काढावा लागणार होता.

मशीन धडधडू लागलं. काही केल्या समेवर येईना, तरी गेनबांनी बोटसुद्धा हलू दिलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर फोटो बघून हसले. "गाठ आतून मरतेय. हात वाचेल, असं दिसतंय."

लेकीने डोळे पुसले. गेनबांची मान ताठ झाली. "तुमचं मशीन एवढं बेताल वाजत हुतं, तरी गप पडून राहिलो, डॉक्टर. हाय का कुणाची छाती?"