रिकामी खोकी पुढे

"इथे इमारतीचं ठिकाण लिहायचं, नकाशावरच्या आकड्यांत," मध्यस्थ संस्थेचा माणूस फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला. "यादी आजच तिकडच्या सैन्याकडे जाईल. यादीतल्या इस्पितळांवर बॉम्ब टाकणार नाही, असा शब्द दिलाय त्यांनी."

"शब्द," एवढंच म्हणून स्टोअरकीपर चष्मा पुसत बसला.

मोठे डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनमध्ये होते, त्यामुळे कागदपत्रं नेहमीसारखी स्टोअरकीपरच्याच गळ्यात पडली होती. त्याची लेक तिथेच नर्स. ती पट्ट्यांचे गठ्ठे न्यायला आली तेव्हा त्यानं पुन्हा तोच विषय काढला.

"तू चार दिवस आत्याकडे जा गं."

"बाबा, अठ्ठावीस पेशंट आहेत. त्यांना कुठल्या आत्याकडे पाठवू?" ती हसली आणि मध्यस्थाकडे वळली. "आमच्या बाबांचा कुणावर विश्वास नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

खोटं नव्हतं ते. तीस वर्षांत स्टोअर तीनदा फुटलं होतं, एकदा तर खुद्द चौकीदारानंच फोडलं होतं. तेव्हापासून त्याची रीत ठरलेली: रिकामी खोकी पुढे, खरा माल मागे. चोर पुढचं उचकटून जायचे आणि औषधं मागे शाबूत राहायची. हा माणूस आहे म्हणून आपल्याकडे भूल द्यायला औषध आहे, असं मोठे डॉक्टरही म्हणायचे.

आणि आता म्हणे इस्पितळाचा पत्ता शत्रूलाच कळवायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! नदीपलीकडचं इस्पितळ यादीत असूनही पडलं, असं परवाच कुणीतरी सांगत होतं. लेक तर हलायला तयार नाही. मग बापानं करायचं तरी काय?

त्यानं फॉर्म भरला. आकडे लिहिले ते कालव्यापलीकडच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचे. तिथे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि न वाचताच सही केली.

इस्पितळाच्या छपरावर लाल खूणही रंगवायची होती. "रंग संपलाय, मागवलाय," असं तो सगळ्यांना सांगत राहिला. रविवारी दुपारी तोच रंग त्यानं सायकलला अडकवून नेला आणि साठीचे गुडघे सांभाळत कारखान्याच्या छपरावर चढला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

"गेलं ना यादीत नाव?" लेकीनं सोमवारी विचारलं.

"गेलं."

"मग पेशंटना तळघरातून वर आणते. बिचाऱ्यांना जरा ऊन लागू दे."

"राहू दे की तळघरात. काय बिघडतंय?"

"बाबा, ठेवा हो कुणावर तरी विश्वास."

तो गप्प बसला. हेच गप्प बसणं त्याला पुढे जन्मभर खात राहिलं.

गुरुवारी सकाळी तो गाडी घेऊन ऑक्सिजनचे सिलिंडर आणायला कालव्यापलीकडे गेला होता. परतताना विमानं आली. गाडी सोडून तो कालव्याच्या उतारावर पालथा पडला. स्फोटांमागून स्फोट होत होते, जमीन हलत होती. कारखाना गेला, तो मनात म्हणाला. जाऊ दे, पोरगी वाचली. त्याला चक्क हसू आलं.

आवाज थांबल्यावर तो धुळीतून उठला. आसपासची रिकामी गोदामं भुईसपाट झाली होती. मधोमध बर्फाचा कारखाना उभा होता. एक काचही तडकली नव्हती. छपरावरची खूण उन्हात लालभडक दिसत होती.

तो सावकाश मागे वळला. कालव्याच्या त्या अंगाला, इस्पितळाच्या जागी, नुसता धूर होता.

खिशातला फोन वाजला. मध्यस्थ होता, आवाजात आनंद मावत नव्हता.

"शब्द पाळला हो त्यांनी! वैमानिकांना सक्त ताकीद होती. तुम्ही दिलेल्या जागेला धक्कासुद्धा लावला नाही. आता तरी बसला ना विश्वास? सांगा तुमच्या लेकीला."