प्रश्न उद्भवत नाही

लोकप्रतिनिधीचं दार जनतेसाठी सदैव उघडं असतं. आमदारांचं दार त्या रविवारी सकाळी सातपासून उघडं होतं. साडेनऊपर्यंत त्यातून एक मांजर आत आलं, खुर्च्यांखालून फिरलं आणि शिफारसपत्र न मागता निघून गेलं.

अंगणात चोवीस खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊ नगरसेवक होते तेव्हा त्या कमी पडत. माणसं पायरीवर बसत, कुंड्यांच्या कठड्यावर बसत. कुणाचा नळ, कुणाचं गटार, कुणाचा दाखला. खुर्च्या इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'नगरसेवक' लिहून घेतलं होतं. भाऊ आमदार झाल्यावर पेंटरनं नमुना म्हणून एका खुर्चीवर 'आमदार' रंगवलं. तेवढ्यात अधिवेशन लागलं आणि नमुना पसंत असल्याचं कळवायचं राहून गेलं.

"एक रांग तरी उचलू का?" वहिनींनी विचारलं. "कपडे वाळत घालायचेत."

"राहू दे. येतील लोक. रविवार आहे."

"मागच्या रविवारीही रविवारच होता."

भाऊंच्या हातात एक कागद होता. सभागृहात त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न आणि त्याचं छापील उत्तर. मागच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, म्हणून पाच महिन्यांपूर्वी त्यांनी तो दिला होता. उत्तर परवा शुक्रवारी आलं. मागच्या गल्लीतल्या कुणाला तरी हा कागद वाचून दाखवायचा, एवढंच त्यांना हवं होतं. वहिनींना दोनदा वाचून दाखवून झाला होता.

पावणेदहाला फाटक वाजलं. पान्हा आला होता. हा प्लंबर, खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. पंधरा वर्षं भाऊंच्या एका शब्दावर त्यानं अख्ख्या वॉर्डात पाइप टाकले होते आणि राहायला तो मागच्याच गल्लीत होता. भाऊ चटकन उठले. मग आमदार असल्याचं आठवून पुन्हा बसले.

"ये, ये, पान्ह्या! बस. कुठंही बस."

जागेची अडचण नव्हती. पान्हा एका खुर्चीच्या कडेला टेकला.

"तुमच्या गल्लीसाठी आवाज उठवलाय मी. ऐक." भाऊंनी चष्मा लावला. "'मागील गल्लीतील नळांना पाणीपुरवठा होत नाही, हे खरे आहे काय?' यावर मंत्री म्हणतात, 'हे खरे नाही.' पुढं ऐक. 'असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली?' तर म्हणे, 'प्रश्न उद्भवत नाही.'" त्यांनी कागद मांडीवर आपटला. "बघितलंस? धडधडीत खोटं! तू असं कर, सगळ्या गल्लीच्या सह्या आण. पुढच्या अधिवेशनात बघतोच मी त्यांच्याकडे."

पान्हा खुर्चीच्या आणखी कडेला सरकला.

"खोटं नाही, भाऊ. मंगळवारपासून येतंय पाणी. व्हॉल्व्ह गेला होता. भाचेसाहेबांचा फोन आला, अर्ध्या तासात बदलून टाकला मी."

भाचेसाहेब म्हणजे सध्याचे नगरसेवक. आपल्या जागी घरचंच माणूस असावं म्हणून भाऊंनीच त्याला बसवलं होतं. तो त्यांना मामा म्हणे. हल्ली वॉर्डातले इतर लोकही म्हणू लागले होते, नातं नसताना.

"चांगलं झालं," भाऊ म्हणाले. कागदाची त्यांनी घडी घातली, मग तिची आणखी एक घडी घातली. "मग तू कसा काय आलास? काही काम?"

"काम म्हणजे..." पान्ह्यानं मान खाजवली. "तिकडं आज गर्दी फार आहे, भाऊ. म्हातारी माणसं सकाळपासून उभी आहेत. साहेब म्हणाले, मामांकडून खुर्च्या घेऊन ये. तुम्हाला लागणार नसतील तरच हां."

वहिनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभ्या होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चार रांगांकडे पाहिलं.

"प्रश्न उद्भवत नाही," ते म्हणाले.

हातगाडी फाटकाबाहेरच उभी होती. पान्ह्यानं खुर्च्या एकात एक घातल्या. शेवटच्या रांगेला भाऊंनीही हात लावला. मग ते पायरीवर टेकले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. पान्हा परत येताना दिसला, तेव्हा भाऊ पुन्हा उठून उभे राहिले.

त्याच्या डोक्यावर एक खुर्ची होती. ती त्यानं फाटकाच्या आत ठेवली.

"ही राहू द्या, भाऊ. हिच्यावर आमदार लिहिलंय. तिकडं उपयोग नाही."

भाऊंनी ती उचलून अंगणाच्या मधोमध ठेवली, फाटकाकडे तोंड करून. अकराच्या सुमाराला वहिनींनी तिच्यावर उशांचे अभ्रे वाळत घातले.